आधी पैज, मग प्रयोग

विज्ञानाचा तास रंजक कसा करायचा असं शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणात विचारा, उत्तरं ठरलेली आहेत. व्हिडिओ दाखवा. गोष्ट सांगा. मातीचा ज्वालामुखी करून त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओता. मुलांना गटात बसवून तक्ते रंगवायला द्या. वर्ग गजबजतो, मुलं खूश होतात, फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. आणि आठवड्याने 'फेस का आला होता?' असं विचारलं की 'सोडा टाकला म्हणून' याच्या पुढे गाडी सरकत नाही.

मुलं रमली म्हणजे शिकली, असं आपण धरून चालतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या एरिक मझुर, कॅथरीन क्राउच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गातली मुलं घेतली. काहींना प्रयोग दाखवलाच नाही. काहींना नेहमीसारखा दाखवून समजावून सांगितला. काहींना दाखवण्याआधी 'काय होईल?' याचा अंदाज नोंदवायला लावला. उरलेल्यांनी अंदाजही नोंदवला आणि निकाल पाहिल्यावर आपसात चर्चाही केली. सत्राच्या शेवटी प्रश्न विचारले तेव्हा दिसलं ते असं: प्रयोग नुसता पाहिलेल्यांना त्यामागचं कारण सांगण्यात, तो अजिबात न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच जास्त यश आलं. फरक पडला तो आधी अंदाज नोंदवणाऱ्यांत. आणि त्यासाठी लागलेला जादा वेळ होता साधारण दोन मिनिटं.

या लेखात मला सांगायचं आहे ते या दोन मिनिटांबद्दल.

अंदाज बांधल्याने असं काय होतं? क्रिकेटची मॅच बघताना 'बघ, हा पुढच्या ओव्हरला आउट होणार' असं एकदा बोलून बसलो की पुढची ओव्हर आपण डोळे ताणून बघतो. आता त्या निकालात आपलं काहीतरी अडकलेलं असतं. अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 1994 मध्ये कुतूहलाची एक उपपत्ती मांडली: आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवं आहे यातली फट जेव्हा आपल्या लक्षात येते, तेव्हा कुतूहल जागं होतं. यातला 'लक्षात येते' हा भाग महत्त्वाचा. ज्याला काहीच माहीत नाही त्याला फटही दिसत नाही, म्हणून अगदी कोऱ्या विषयाचं कुणाला फारसं कुतूहल वाटत नाही. मुलाने अंदाज वहीत लिहिला की त्याच्याकडे 'आपल्याला माहीत आहे' असं वाटणारं काहीतरी तयार होतं. मग प्रयोग त्याला खोटं पाडतो आणि फट समोर उभी राहते.

बालभारतीच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आहेत, म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहेच. अडचण एवढीच की 'करून पहा'च्या खालच्याच परिच्छेदात उत्तर छापलेलं असतं. पुस्तक उघडं असेल तर मुलांची नजर तिथेच जाते. त्यामुळे पहिला उपाय अगदी फुकटचा आहे: त्या पाच मिनिटांसाठी पुस्तकं दप्तरात.

प्रयोगवहीतही एक ओळ वाढवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. कृती आणि निरीक्षण यांच्या मध्ये 'माझा अंदाज' अशी एक ओळ, पेनाने, खाडाखोड न करता. चुकलेल्या अंदाजाला गुण कापायचे नाहीत हे आधीच सांगून टाका, नाहीतर सगळी वही शेजारच्याचं बघून बरोबर निघेल.

पाचशेची नोट

आता एक प्रयोग सविस्तर बघू. तो गुरुत्वाकर्षणाच्या तासाला सुरू होतो आणि मानसशास्त्रात जाऊन संपतो, म्हणून मला तो फार आवडतो.

एका मुलीला पुढे बोलवा. पाचशेची कोरी नोट उभी धरा. तिने अंगठा आणि तर्जनी नोटेच्या बरोबर मध्याशी, नोटेला न टेकवता, चिमटीसारखी उघडी ठेवायची. अट एकच: हात खाली न्यायचा नाही. नोट मी न सांगता-सवरता सोडणार. पकडलीस तर तुझी.

"सर, खरंच देणार?"

"खरंच. पण आधी वर्गाने सांगायचं, पकडेल की नाही?"

बहुतेक हात 'पकडेल'साठी वर जातात. आकडा फळ्यावर लिहा. नोट सोडा. ती चिमटीतून निसटते. दुसरा येतो, तिसरी येते. कबड्डीच्या संघातला तो चपळ मुलगा आत्मविश्वासाने येतो आणि त्याचीही निसटते. एखाद्याने तुमच्या चेहऱ्यावरून वेळ ताडली तर नोट जाऊ शकते, तेव्हा चेहरा कोरा ठेवा. महिनाअखेर असेल तर दहाची नोट घ्या. ती लांबीला कमी असल्यामुळे पकडायला उलट अवघडच आहे.

आता गणित. पाचशेच्या नोटेची लांबी 150 मिलिमीटर. चिमटी मध्याशी, म्हणजे नोट 75 मिलिमीटर पडेपर्यंतच संधी. s = ½gt² (s म्हणजे पडलेलं अंतर, g गुरुत्व त्वरण, t लागलेला वेळ) हे सूत्र मुलांना येतं, पण आजवर त्याचा उपयोग फक्त दगड आणि मनोरे यांच्या उदाहरणांत झालेला असतो. इथे t काढला की येतो 0.12 सेकंद. डोळ्याने पाहून बोटं मिटायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. नोट जिंकणारच होती.

लगेच पुढचा प्रश्न येतो, बहुतेक वेळा मुलांकडूनच: मला किती वेळ लागतो? इथे 30 सेंटिमीटरची पट्टी काढा. कंपासमधली पंधराची पुरत नाही, ती पुष्कळदा पूर्ण निसटते. जोड्या करा. एकाने वरून पट्टी धरायची, दुसऱ्याची चिमटी शून्याच्या खुणेशी. सोडायची, जिथे पकडली तो आकडा लिहायचा. 10 सेंटिमीटरला पकडली तर 0.14 सेकंद, 15 ला 0.17, 20 ला 0.20, 25 ला 0.23. प्रत्येकाने पाच-सहा वेळा करून सरासरी काढायची. सरासरी का काढतात हे त्या दिवशी वेगळं शिकवावं लागत नाही. एकदा 12 आणि एकदा 24 आलं की 'मग माझं नक्की किती?' हा प्रश्न मुलंच विचारतात.

इथवर भौतिकशास्त्र. आता नववीच्या नियंत्रण आणि समन्वयाच्या धड्याकडे वळू. डोळ्यापासून मेंदूपर्यंत आणि तिथून हातापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. ढोबळमानाने एक मीटर येतं. चेतातंतूतून संदेश किती वेगाने जातो? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांना वाटायचं की हा वेग मोजता येणारच नाही, तो फारच प्रचंड असणार. 1850 मध्ये हर्मन फॉन हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाचा चेतातंतू घेऊन तो मोजला. आला सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे आजच्या एक्सप्रेस गाडीसारखा. माणसाच्या जलद चेतातंतूंत तो बराच जास्त असतो. आपण हिशोबासाठी सेकंदाला 50 मीटर धरू. एक मीटरला लागतील 0.02 सेकंद.

पण पट्टी सांगते 0.20. मग बाकीचा वेळ गेला कुठे?

हा प्रश्न फळ्यावर लिहून थोडं थांबा. काही जण डोळ्यांचं नाव घेतील. ते बरोबर आहे, दृष्टिपटलाला प्रकाशाचं रूपांतर चेतासंदेशात करायला वेळ लागतो. काही जण स्नायू म्हणतील, तेही बरोबर. आणि कुणीतरी म्हणेल, 'विचार करायला.' इथे मानसशास्त्र सुरू झालं.

1868 मध्ये फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच शास्त्रज्ञाला सुचलं की विचाराला लागणारा वेळ वजाबाकीने काढता येईल. आधी साधी प्रतिक्रिया मोजायची. मग तीच कृती, पण मध्ये निवड घालायची. दोन्हींतला फरक म्हणजे निवड करायला लागलेला वेळ. वर्गात हे असं करा: दोन हात, दोन पट्ट्या, दोन्हींच्या खाली चिमट्या तयार. कुठली सुटणार हे माहीत नाही. जी सुटेल तीच पकडायची, दुसरा हात मिटायचा नाही. आकडे वाढतात. नंतर एकाच पट्टीवर परत या, पण पकडणाऱ्याला 100 मधून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावा. 93, 86, 79… आणि पट्टी तळापर्यंत निसटते. 'फोनवर बोलत गाडी चालवू नका' ही पाटी मुलांनी हजारदा वाचलेली असते. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. एक दशांश सेकंद उशीर झाला तरी गाडी पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते. हा हिशोब स्वतःच्या पट्टीच्या आकड्यावरून केलेला असला की त्याला वजन येतं.

या एका पट्टीवर तीन तास जाऊ शकतात. पोर्शन मागे पडेल अशी धास्ती असेल तर लक्षात घ्या की गतीची समीकरणं, मोजमापातली त्रुटी, चेतासंस्था आणि अवधान एवढं सगळं यात उरकलेलं आहे.

पेल्याखालची मेणबत्ती

दुसरा प्रयोग इतका जुना आहे की तो पुन्हा का दाखवायचा असं वाटेल. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं स्पष्टीकरण असं: मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून तेवढं पाणी वर चढलं.

हे स्पष्टीकरण चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे नववीतलं मूल स्वतः शोधू शकतं. यासाठी हा प्रयोग सोन्यासारखा आहे.

मुलांना जुनं स्पष्टीकरण द्या. मग विचारा: पेला तोच, पण आत एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी किती चढेल? ऑक्सिजन तेवढाच आहे, तेव्हा पाणीही तेवढंच चढायला हवं. अंदाज वहीत लिहू दे. मग करून दाखवा. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट दिसेल इतकं जास्त चढतं. आता दुसऱ्यांदा एकच मेणबत्ती लावा, पण या वेळी पाण्याकडे नाही, वेळेकडे बघायला सांगा. ऑक्सिजन संपत जाण्यामुळे पाणी चढत असेल तर ते ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं. प्रत्यक्षात ते ज्योत विझताना आणि विझल्यावर झपकन चढतं. आणि पेला ठेवताना काठाशी बुडबुडे निघालेले कुणी पाहिले का?

इथून पुढे मुलं एकमेकांशी भांडू लागली तर मध्ये पडू नका. उत्तर असं आहे: ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण सगळा संपायच्या कितीतरी आधी ज्योत विझते, आणि वापरलेल्याची बरीचशी जागा कार्बन डायऑक्साइड घेतो.

'शास्त्रीय कारणे द्या' हा आपल्या प्रश्नपत्रिकेतला लाडका प्रकार. त्यात कारण शिक्षकाने दिलेलं असतं, मुलाने पाठ केलेलं असतं आणि पेपरात ते परत दिलं जातं. इथे कारण तपासलं गेलं आणि टाकून द्यावं लागलं. विज्ञानाच्या धड्यात मुलाला एवढं एकदा जरी अनुभवता आलं तरी ते मला ज्वालामुखीच्या फेसापेक्षा मोलाचं वाटतं.

वर्ग हीच प्रयोगशाळा

मानसशास्त्र आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून येतं ते अकरावीत, तेही मुख्यतः कला शाखेत. पण त्याआधीही ते डोकावतं: नववीत चेतासंस्थेच्या निमित्ताने, आणि बालभारतीच्या 2018 सालच्या दहावीच्या पुस्तकात 'सामाजिक आरोग्य' या धड्यात ताणतणाव आणि व्यसनांच्या निमित्ताने. या विषयाच्या शिक्षकाकडे एक सोय आहे जी रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडे नाही. उपकरणं समोर बाकांवर बसलेली असतात.

तरीही व्याख्या लिहून देणं चालूच राहतं. 'स्मृती म्हणजे…' असं म्हणून चार ओळी. त्याऐवजी हे करा. वह्या बंद, पेन खाली. सावकाश, एकेका शब्दानंतर क्षणभर थांबत वाचा: पलंग, रात्र, उशी, थकवा, स्वप्न, चादर, जांभई, अंधार, गादी, घोरणे, पांघरूण, डुलकी. मग मुलांना मिनिटभर दुसऱ्याच गप्पांत गुंतवा, सात-आठचे पाढे उलटे म्हणायला लावा. आता आठवतील ते शब्द लिहायला सांगा.

लिहून झाल्यावर विचारा, 'पलंग' कुणी लिहिला? बरेच हात. 'चादर'? काही हात. 'झोप'? पुष्कळ हात, आणि ठाम हात. 'झोप' मी वाचलाच नव्हता असं सांगितलं की वर्गात एकच कल्लोळ होतो. 'बाई, तुम्ही वाचला होता, मी ऐकला!' यादी पुन्हा दाखवा. ही युक्ती जेम्स डीज या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये वापरली होती. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी 1995 मध्ये ती पुन्हा अभ्यासून प्रसिद्ध केली. स्मृती ही जे घडलं त्याची जशीच्या तशी नक्कल नसते. मेंदू अर्थ साठवतो आणि आठवताना उरलेलं स्वतः भरून काढतो. आता व्याख्या द्या. आता ती कशाची आहे हे मुलांना ठाऊक आहे.

यालाच जोडून साक्षीदारांच्या जबानीचा विषय निघतो, भावंडांच्या 'तूच म्हणाला होतास' या भांडणांचाही निघतो. त्या यादीत सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त जणांना आठवले का हेही मोजून घ्या. बहुतेकदा आठवलेले असतात, आणि तो वेगळा धडा आहे.

रंगीत खडू असतील तर स्ट्रूप परिणाम दहा मिनिटांत होतो. 'लाल' हा शब्द निळ्या खडूने, 'हिरवा' पिवळ्याने, असं वीस वेळा लिहा आणि शब्द न वाचता खडूचा रंग भराभर सांगायला लावा. जीभ अडखळते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी हे 1935 मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या शाळांत यात एक मजा आणखी करता येते: तीच रंगांची नावं कन्नड किंवा तमिळ लिपीत लिहा. ज्याला ती लिपी येत नाही त्याची जीभ अडखळत नाही. म्हणजे वाचन ही सवय इतकी मुरलेली असते की ती थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, हे मुलाच्या स्वतःच्या जिभेवर सिद्ध होतं. सोलापूर-सांगलीकडच्या वर्गात कन्नड वाचणारी मुलं असतील तर तुलना आयतीच मिळेल.

आणि एक गोष्ट, जी पाचशेच्या नोटेच्या वेळी मी मुद्दाम पुढे ढकलली. अंदाज हात वर करून घेतला तर काय होतं हे नीट बघा. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात कुठे जातो हे बघून मागचे हात वर जातात. एकदा हात मोजा. पुढच्या प्रयोगाला नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या. आकडे बरेच वेगळे येतात. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात रेघांच्या लांबीवरून हेच दाखवलं होतं: गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत असताना, डोळ्यांना स्पष्ट दिसणारं बरोबर उत्तर सोडून अनेक जण गटासोबत गेले. वर्गाचाच हातांचा आणि चिठ्ठ्यांचा आकडा शेजारी-शेजारी लिहिला की अनुरूपता, म्हणजे गटासोबत वाहत जाणं, हा धडा अर्धा झाला. विज्ञानाच्या तासालाही अंदाज चिठ्ठीवरच घ्यावेत हे ओघाने आलं.

या विषयात हात आखडता घ्यायची जागाही आहे. माणसं हुकूम कुठवर पाळतात हे बघायला दुसऱ्याला विजेचे धक्के द्यायला सांगणारे मिलग्रम यांचे प्रयोग, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि रखवालदार बनवणारा 1971 चा स्टॅनफर्डचा तुरुंग, 1920 मधलं वॉटसन यांचं छोट्या अल्बर्ट या बाळाला घाबरवणं या कहाण्या मुलांना खिळवून ठेवतात, आणि नेमकं म्हणून त्यांची वर्गात नक्कल करायचा मोह होतो. करू नये. वर्गाची कैदी आणि रखवालदार अशी वाटणी करून 'बघू काय होतं' म्हणणं हा खेळ नव्हे. त्या कहाण्या सांगाव्यात, पण 'आज हे करायला परवानगी मिळेल का, का नाही?' या प्रश्नासकट. तणावाच्या धड्यात 'तुझ्या घरी कशामुळे ताण येतो, सगळ्यांसमोर सांग' असंही कुणाला म्हणू नये. ज्या मुलाच्या घरी बाप पितो त्याने दारूच्या परिणामांवर उभं राहून बोलायचं, यात कसली आली रंजकता? उदाहरण काल्पनिक घ्या, बोलायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या.

जे टाळलेलं बरं

रंजकतेच्या नावाखाली चालणाऱ्या दोन-तीन गोष्टींबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. बी.एड.च्या नोट्समध्ये एक त्रिकोण हमखास असतो: माणूस वाचलेलं 10 टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं 20 टक्के, आणि असं करत करत स्वतः केलेलं 90 टक्के. खाली नाव एडगर डेल यांचं. डेल यांनी 1946 मध्ये अनुभवांचा शंकू काढला होता हे खरं. पण त्यात टक्केवारी नव्हती. ती पुढे कुणीतरी चिकटवली आणि त्या गोल-गोल आकड्यांमागे कुठलंही संशोधन नाही. 'हा मुलगा दृश्य शिकणारा, ती मुलगी श्राव्य शिकणारी' या वाटणीचंही तसंच. 2008 मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावा तपासला. अशा वाटणीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं, असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही.

दुसरं, चटपटीत पण अवांतर माहिती. हार्प आणि मेयर यांनी 1998 मध्ये वीज कशी पडते यावरचा मजकूर विद्यार्थ्यांना दिला. काहींच्या मजकुरात वीज पडलेल्या माणसांच्या वगैरे थरारक हकिकती मध्ये-मध्ये पेरल्या होत्या. त्या वाचणाऱ्यांना वीज पडण्याची मूळ प्रक्रिया कमी आठवली आणि कमी समजली. तासाला विनोद करू नका असं मी म्हणत नाही. पण विनोद धड्याच्या कण्याला धरून नसेल तर मुलं विनोद घरी नेतात आणि कणा वर्गातच राहतो.

साठ मुलं, पस्तीस मिनिटं

आता शिक्षक म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे, आणि मुख्याध्यापक विचारतात, धडा किती झाला. तक्रार खरी आहे. पण वरच्या प्रयोगांना लागणारं साहित्य पुन्हा वाचा: नोट, पट्टी, मेणबत्ती, खडू, शब्दांची यादी.

सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 सरकारी शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं स्वस्तातल्या साहित्यपेटीतून प्रयोग करायची. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असायचे, तयार उत्तरं नसायची. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही असायचं. तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, ही गोष्ट वेगळी आणि दुःखाची. पण खेड्यातल्या सरकारी शाळेत हे जमत नाही असं त्यानंतर कुणी म्हणू नये.

थोडक्या वेळात बरंच हाती लागतं अशी आणखी एक जागा आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकली तेव्हा आढळलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात. मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत नेली की उत्तरं लांब होतात, नेहमी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद. वर्गासमोर उभं राहून ते फार मोठे वाटतात, मान्य. मनातल्या मनात अंक मोजा.

पाठांतराचा प्रश्न राहतोच, कारण बोर्डाला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर आहेत आणि प्रात्यक्षिकाला 20. इथे मानसशास्त्र विज्ञानाच्या कामी येतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचून मग तीन वेळा, न बघता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना 61 टक्के. म्हणून तासाची पहिली तीन मिनिटं अशी: वही बंद, परवाच्या तासाचं आठवेल ते कोऱ्या कागदावर. तपासायचं नाही, गुण नाहीत. वही उघडून ज्याने त्याने आपलं राहिलेलं भरायचं.

एका गोष्टीची मात्र मनाची तयारी ठेवा. हार्वर्डमध्येच 2019 साली लुई डेलॉरिये आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला छान, ओघवतं व्याख्यान मिळालं. दुसऱ्याला गटात बसून आधी स्वतः उदाहरणांशी झटायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण 'तुम्हाला किती समजलं असं वाटतं?' या प्रश्नाला दुसऱ्या गटानेच कमी गुण दिले. झटताना आपलं काही चुकतंय असं वाटत राहतं, ओघवतं ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं. तेव्हा पहिल्या महिन्यात एखादा पालक येऊन 'सर शिकवतच नाहीत, पोरांनाच विचारतात' म्हणाला तर दचकू नका. त्या अभ्यासाचा निकाल मुलांना आणि पालकांना सुरुवातीलाच सांगून ठेवलेला बरा.

सगळेच धडे असे खुलत नाहीत. कार्बनी संयुगांची नावं आहेत, प्राण्यांचे संघ आहेत. तिथे पैज लावायला फार काही नाही, आठवून लिहिणंच उपयोगाचं. पण मला आवर्त सारणी बरीच वर्षं त्याच यादीत टाकलेली दिसते, आणि ते पटत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मूलद्रव्यांची कार्डं करा: अणुवस्तुमान, घनता, ऑक्साइडचं सूत्र. ॲल्युमिनिअम, सिलिकॉन, जस्त, आर्सेनिक, इंडिअम, कथिल अशी आजूबाजूची द्या आणि गॅलिअम व जर्मेनिअमची दोन कार्डं तुमच्या खिशात ठेवा. गटांनी मांडणी करायची आणि रिकाम्या जागी काय बसेल याचे आकडे लिहून द्यायचे. मग सांगा की मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये अशाच जागा रिकाम्या सोडल्या आणि पुढे तिथल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच छापून टाकले. 1875 मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं. शोधणाऱ्या ब्वाबोद्राँ यांनी घनता मोजली 4.7. मेंडेलीव्ह यांनी, तो धातू डोळ्यांनीही न बघता, कळवलं की ती 5.9 च्या आसपास असायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, 5.9 आली. 1886 मध्ये जर्मेनिअम सापडलं: मेंडेलीव्ह यांचा अणुवस्तुमानाचा अंदाज 72, प्रत्यक्षात साधारण 72.6. आता खिशातली कार्डं काढा आणि कुठल्या गटाचा आकडा जवळ आला ते बघा. एवढं एका तासात बसतं. इलेक्ट्रॉन संरूपण दुसऱ्या दिवशी.